टायरमधील ‘हवा’ आणि टायरमधील ‘दाब’ : ट्रेलरच्या चाकांवरील देखरेखीचा अर्थविचार

पेट्रोलपंपावर अथवा रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानाशी वाहन उभे राहिले म्हणजे विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो : “हवा किती मारायची?” उत्तरही तितकेच ठरीव असते : “पस्तीस.” मालमोटारीचा चालक असल्यास तो “शंभर पौंड” असे सांगतो. या संवादात कोणाचेही अडत नाही. नळी व्हॉल्व्हला लागते, मापकाचा काटा हलतो आणि वाहन मार्गस्थ होते. तथापि या दोन वाक्यांत अर्थाचा एक घोटाळा दडलेला आहे, आणि कोशकाराने टिपून ठेवावा एवढेच त्याचे महत्त्व नाही. जड ट्रेलर ओढीत वेगाने व दीर्घकाळ प्रवास चालू असता हा घोटाळा प्राणावर बेतू शकतो.

प्रश्न विचारला जातो तो हवेच्या परिमाणाविषयी. उत्तर दिले जाते ते दाबाविषयी. ‘पन्नास पौंड हवा’ हा प्रयोग शब्दशः घेतल्यास ती हवेच्या वजनाची गोष्ट ठरेल. वस्तुतः ट्रेलरच्या मध्यम आकाराच्या टायरमध्ये मापकावर पन्नासचा आकडा दिसेपर्यंत भरलेल्या हवेचे वजन जेमतेम दोनशे ग्रॅम, म्हणजे पाव किलोहूनही कमी असते. ‘पन्नास पौंड’ हे त्या हवेने टायरच्या आतील प्रत्येक चौरस इंचावर बाहेरच्या वातावरणापेक्षा किती अधिक रेटा दिला आहे याचे माप होय. ‘दर चौरस इंचास’ हे पद बोलण्याच्या ओघात गळून पडले आणि मागे वजनाचा आभास तेवढा राहिला. असे लोप भाषेत नित्य घडतात व बहुधा निरुपद्रवी असतात. येथेही टायरचे तापमान स्थिर आहे तोवर काही बिघडत नाही, कारण हवा व दाब ही दोन्ही बरोबरीने वाढतात आणि बरोबरीने घटतात. टायर तापला की मात्र दोहोंची फारकत होते. हवा होती तेवढीच राहते, दाब वाढतो. दोहोंसाठी एकच शब्द वापरण्याची ज्याला सवय आहे तो अशा वेळी ‘हवा वाढली’ असे म्हणतो, आणि वाढलेली हवा काढून टाकणे हे त्याला ओघाने सुचते. चुकीचा शब्द येथे चुकीच्या कृतीला जन्म देतो.

ट्रेलर ओढताना टायरचा दाब व तापमान यांवर देखरेख ठेवणारी उपकरणे आता सहज उपलब्ध आहेत. ती आकडे दाखवितात. आकड्यांचा अर्थ दाखवीत नाहीत. तो अर्थ कोणत्या रीतीने लावावयाचा, आणि तो लावताना रूढ शब्द कोठे दिशाभूल करतात, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उष्णता कोठून येते

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसविण्याची रीत परिचित आहे. धाव विस्तवात लाल होईपर्यंत तापवितात, प्रसरण पावलेली धाव चाकावर चढवितात आणि पाणी ओतून ती निववितात. आकुंचन पावताना ती चाकाला घट्ट आवळते. येथे उष्णता बाहेरून येते, एकदाच येते, आणि आपले काम करून निघून जाते. रबरी टायरची गोष्ट निराळी आहे. त्याची उष्णता त्याच्या स्वतःच्या अंगातून आणि प्रत्येक फेऱ्यागणिक उत्पन्न होते.

टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो भाराखाली चपटा होतो व पुढे सरकताच पूर्ववत गोल होतो. रबर वाकविण्यास जी ऊर्जा लागते ती सर्वच्या सर्व रबर परत देत नाही. तिचा काही अंश उष्णतेच्या रूपाने रबरातच राहतो. अमेरिकेत लहान ट्रेलरांना सर्रास वापरला जाणारा ‘२०५/७५ आर १५’ या मापाचा टायर घेतल्यास त्याचा व्यास सुमारे ६९ सेंटिमीटर व परीघ सुमारे २.१६ मीटर येतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने तो दर सेकंदास अकरा-बारा फेरे घेतो. म्हणजे त्याचा प्रत्येक भाग तासाभरात चाळीस हजारांहून अधिक वेळा वाकतो व सरळ होतो. एका वाकण्यातील उष्णता नगण्य, परंतु तिची बेरीज नगण्य नव्हे. काही काळाने उत्पन्न होणारी उष्णता आणि भोवतालच्या हवेत निघून जाणारी उष्णता यांचा मेळ बसतो व टायरचे तापमान एका पातळीवर स्थिरावते.

ही पातळी कोठे राहील हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : भार, वेग आणि आतील दाब. भार अधिक असल्यास टायर अधिक वाकतो. वेग अधिक असल्यास तो अधिक वेळा वाकतो. दाब कमी असल्यास बाजूच्या भिंतींना आधार उरत नाही व पुन्हा वाकणेच वाढते. तापमान वाढत जाते तसतशी रबराची ताकद आणि रबर व आतील दोरे यांची परस्परांवरील पकड घटते. महामार्गावर टायर फुटला असे ज्याविषयी म्हटले जाते त्यातील पुष्कळ प्रकरणी टायर अधिक हवेने फुगून फुटलेला नसतो. कमी दाबामुळे वा अधिक भारामुळे तापून तो आतून विस्कटलेला असतो. नव्या व निर्दोष टायरची फुटण्याची मर्यादा त्यात भरावयाच्या दाबाच्या कितीतरी पट असते. ‘फुटणे’ हे क्रियापद फुग्याची प्रतिमा मनात उभी करते. ही प्रतिमा येथे उपकारक नाही.

पन्नासाचे साडेछप्पन्न

बंदिस्त हवेचे तापमान वाढले म्हणजे तिचा दाब ठरावीक प्रमाणात वाढतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ गियोम आमोंताँ याने सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या आरंभी प्रयोगांनी दाखविले. टायरचे घनफळ चालताना फारसे बदलत नाही, म्हणून हा नियम त्यास लागू करता येतो. मात्र हिशेब करताना मापकावरील दाबात वातावरणाचा दाब, म्हणजे सुमारे १४.७ पौंड, मिळवावा लागतो, आणि तापमान निरपेक्ष शून्यापासून मोजावे लागते.

उदाहरणार्थ, सकाळी २० अंश सेल्सियस तापमानास मापकावर ५० पौंड दाब आहे असे समजावे. निरपेक्ष दाब ६४.७ व निरपेक्ष तापमान २९३ झाले. चालून आतील हवा ५० अंशांपर्यंत तापली, म्हणजे निरपेक्ष तापमान ३२३ झाले, तर निरपेक्ष दाब सुमारे ७१.३ होतो व मापकावर सुमारे ५६.६ दिसतात. एक कणही हवा आत गेलेली नाही. आकडा मात्र साडेसहा पौंडांनी, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी वाढला. या टायरच्या बाबतीत दर पाच अंशांमागे साधारणतः एक पौंड असे स्थूल प्रमाण लक्षात ठेवता येईल.

हेच प्रमाण उलट दिशेनेही लागू पडते. २० अंशांस ५० पौंड भरलेला टायर त्याच ठिकाणी शून्य अंशाच्या पहाटे सुमारे ४५.६ पौंड दाखवील. कोठे गळती नाही, पंक्चर नाही. तरीही टायर त्या थंडीत प्रवासास निघण्यायोग्य राहिलेला नाही व त्यात हवा भरणे आवश्यक आहे.

‘थंड’ या शब्दाचा अर्थ

अमेरिकेत ट्रेलरसाठी स्वतंत्र वर्गाचे टायर बनविले जातात. त्यांच्या मापाआधी ‘एसटी’ ही अक्षरे असतात. महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे या अक्षरांनी निराळीच गाडी उभी राहील. तेथे ती ‘स्पेशल ट्रेलर’ या शब्दांची आद्याक्षरे होत. उपर्युक्त मापाच्या व सी भारश्रेणीच्या टायरच्या भिंतीवर त्याची भारक्षमता १,८२० पौंड, म्हणजे सुमारे ८२५ किलो, आणि त्यासाठी लागणारा दाब ५० पौंड असा मजकूर असतो. त्या मजकुराच्या शेवटी ‘कोल्ड’ असा एक शब्द येतो. सर्वांत कमी लक्ष जाते ते या शब्दाकडे, आणि सर्वाधिक अर्थ साठविलेला आहे तोही याच शब्दात.

‘कोल्ड’ म्हणजे थंड, असे भाषांतर सहज सुचते. परंतु मराठीत ‘थंड’ हे विशेषण वस्तूच्या स्पर्शाविषयी किंवा हवामानाविषयी बोलते. येथे त्यापैकी कोणताही अर्थ अभिप्रेत नाही. टायर चालल्यामुळे आलेली उष्णता निघून गेलेली आहे, एवढेच या शब्दाने सांगावयाचे आहे. वाहन तीन तास किंवा अधिक काळ उभे असावे, अथवा जेमतेम दीड किलोमीटर चाललेले असावे, असा त्याचा व्यवहारातील निकष आहे. नागपुरात मे महिन्यात सावलीत रात्रभर उभ्या राहिलेल्या वाहनाचे टायर सकाळी हाताला कोमटच लागतील. तरीही या अर्थाने ते ‘कोल्ड’ आहेत. उलट हिमवर्षावात तीन तास धावून आलेला टायर बोटांना गार लागला तरी ‘कोल्ड’ नव्हे.

मराठीत या अर्थाला नेमका शब्द आहे, आणि तो घरोघर वापरला जातो. दूध तापवून खाली उतरविले की ते ‘निवते’. भाताची वाफ गेली की तो ‘निवतो’. ‘निवणे’ या क्रियापदात पूर्वी तापलेले असणे व आता ती ऊब ओसरलेली असणे, या दोन्ही गोष्टी सामावलेल्या आहेत. वस्तू निवली म्हणजे ती बर्फासारखी झाली असे कोणी समजत नाही. ती भोवतालच्या तापमानाला आली, एवढाच अर्थ घेतला जातो. टायरच्या भिंतीवरील शब्दाचा अर्थ अक्षरशः हाच आहे. ‘थंड दाब’ या शब्दशः भाषांतराऐवजी ‘निवलेल्या टायरचा दाब’ असे म्हटल्यास खुलासा करण्याची गरजच उरत नाही. त्याला जोडून, चालू प्रवासातील दाबास ‘धावता दाब’ म्हणता येईल.

दुसऱ्या दिवसाचा आकडा

हा भेद न कळल्यास काय घडते, याचा हिशेब मांडून पाहणे उद्बोधक आहे. वर सांगितलेला टायर दुपारी ५६.६ पौंड दाखवीत आहे. भिंतीवर ५० लिहिले आहे हे चालकास ठाऊक आहे. ‘हवा साडेसहा पौंड जास्त झाली’ असे समजून तो थांब्यावर व्हॉल्व्ह दाबून आकडा ५० वर आणतो व समाधानाने पुढे जातो. संध्याकाळी टायर निवून २० अंशांवर येतो. आता मापकावर ४४ पौंड दिसतील. भिंतीवरील भार वाहण्यास जे ५० हवेत त्यातून ६ पौंड चालकाने आपल्या हाताने काढून टाकले आहेत.

दुसऱ्या दिवशी तोच भार, तोच वेग व तोच रस्ता आहे. परंतु टायरचा आधार कमी झाल्यामुळे तो अधिक वाकतो व अधिक तापतो. समजा, तो या वेळी ५० ऐवजी ६५ अंशांपर्यंत तापला. तर मापकावर सुमारे ५३ पौंड दिसतील. येथे घोटाळा पूर्णत्वास जातो. आदल्या दिवशी ५६.६ होते, आज ५३ आहेत. ‘हवा आता बेताची आहे’ असे चालकास वाटते. वस्तुतः आदल्या दिवशीचा टायर सुस्थितीत होता व आजचा धोक्याकडे चालला आहे. दाबाचा आकडा सुधारलेला दिसतो आणि टायर बिघडलेला असतो.

केवळ दाब दाखविणारे उपकरण अपुरे का, याचे उत्तर या उदाहरणात आहे. ५३ हा आकडा स्वतः काहीच सांगत नाही. ‘६५ अंशांस ५३’ हे विधान मात्र सांगते की निवल्यावर येथे ४४ उरतील. दाब आणि तापमान ही दोन स्वतंत्र वृत्ते नव्हेत. एका विधानाची ती दोन पदे होत.

ट्रेलरची विशेष अडचण

मोटारीचा टायर बसू लागला तर सुकाणूतून, आवाजातून, वाहनाच्या कलण्यातून चालकास त्याची चाहूल लागते. ट्रेलरच्या चाकांशी चालकाचा असा कोणताच संबंध नसतो. दोन आसांच्या ट्रेलरचा एक टायर बसला तरी शेजारचा टायर ट्रेलरला तोलून धरतो, आणि मागे काय चालले आहे याचा पत्ता पुष्कळदा ठिकऱ्या उडू लागल्यावरच लागतो. चार चाकांवर ३,००० किलो भार सारखा वाटला गेला असेल तर प्रत्येकावर ७५० किलो येतात व ८२५ किलोंच्या मर्यादेत ते बसतात. एका बाजूचा एक टायर निकामी झाला की त्याच्या सोबत्यावर जवळजवळ दुप्पट, म्हणजे १,५०० किलोंपर्यंत भार येऊ शकतो. म्हणून ट्रेलरवर एक टायर गेल्यानंतर थोड्याच वेळात त्याच बाजूचा दुसराही जाण्याचा संभव असतो. शिवाय फिरते घर म्हणून वापरले जाणारे ट्रेलर महिनोन्‌महिने उन्हात उभे असतात; तेवढ्यात रबर जुने होते व दाब हळूहळू उतरतो. पाण्याची टाकी, स्वयंपाकाची जागा, सामान यांमुळे भारही चारी चाकांवर सारखा पडत नाही.

कायद्याने या गरजेची दखल उशिरा घेतली. टायर निकामी होऊन झालेल्या अपघातांच्या मालिकेनंतर अमेरिकेत २००० साली कायदा झाला, आणि सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या वाहनांत दाबदर्शक इशारायंत्रणा सक्तीची झाली. शिफारस केलेल्या दाबापेक्षा २५ टक्क्यांनी दाब उतरला की इशारा मिळावा, असा तिचा मूळ दंडक आहे. ट्रेलर या नियमाच्या बाहेर राहिले. युरोपीय संघाने २०१९ च्या विनियमान्वये ही यंत्रणा मालमोटारींस व साडेतीन टनांहून जड ट्रेलरांस लागू केली. जुलै २०२२ पासून नव्या नमुन्यांच्या वाहनांस व जुलै २०२४ पासून सर्व नव्या वाहनांस ती आवश्यक झाली. कौटुंबिक वापराचा हलका ट्रेलर ओढणाऱ्यास मात्र बहुधा स्वतःच उपकरण विकत घेऊन बसवावे लागते.

या उपकरणाची रचना सोपी आहे. प्रत्येक चाकास एक संवेदक असतो. तो एकतर व्हॉल्व्हच्या टोकास टोपणासारखा बसवितात किंवा टायरच्या आत रिमला पट्ट्याने बांधतात. संवेदक दाब व तापमान मोजून रेडिओलहरींनी चालकापुढील पडद्याकडे पाठवितो. ट्रेलर लांब असल्यास व मध्ये धातूचा अडथळा असल्यास लहरी क्षीण होतात. म्हणून ट्रेलरवर एक पुनःप्रक्षेपक बसविणे इष्ट असते. व्हॉल्व्हच्या टोकावरील संवेदक वाऱ्याच्या झोतात असतो, त्यामुळे त्याने सांगितलेले तापमान आतील हवेच्या तापमानापेक्षा कमी असते. आतील संवेदक सत्याच्या अधिक जवळ जातो. टायरच्या खांद्याशी, जेथे वाकणे सर्वाधिक असते, तेथील रबर तर आतील हवेहूनही अधिक तापलेले असते. अनेक उपकरणांत तापमानाचा इशारा ७० अंशांच्या आसपास ठेवलेला असतो. बाहेरच्या संवेदकावर हा आकडा येईपर्यंत वाट पाहणे म्हणजे पुष्कळ उशीर करणे होय.

खुणेवरून अनुमान

न्यायदर्शनातील अनुमानाची चर्चा येथे उपयोगी पडते. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष मानले जाते, परंतु अग्नीवरून धुराचे अनुमान सदोष ठरते. कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीला ओल्या सरपणाची जोड मिळाली तरच धूर होतो, आणि या जोडीस नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. ‘दाब वाढला आहे, म्हणून हवा जास्त आहे’ हे अनुमान याच जातीचे आहे. ते खरे ठरण्यास ‘तापमान तेच असेल तर’ ही उपाधी आवश्यक आहे. धावत्या टायरच्या ठिकाणी ती कधीच नसते. म्हणून धावता दाब भिंतीवरील आकड्याशी ताडून पाहणे हीच मुळात चूक होय.

मग तो ताडावयाचा कशाशी? याचे पहिले उत्तर, त्याच टायरच्या सकाळच्या आकड्याशी. दुसरे उत्तर, त्याच आसावरील व शेजारच्या आसावरील सोबत्यांशी. भाषेतील चिन्हाला मूल्य प्राप्त होते ते इतर चिन्हांपासून असलेल्या त्याच्या भेदामुळे, असा सिद्धान्त फेर्दिनां द सोस्यूर याच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत मांडलेला आहे. चार चाकांच्या आकड्यांना तो यथार्थ लागू पडतो. चारही टायर सारखेच वाढले तर ती प्रवासाची स्वाभाविक खूण होय व काहीही करावयाचे नाही. उन्हाच्या बाजूचे दोन्ही किंचित अधिक वाढले तर तो सूर्याचा परिणाम. एकाच टायरचे तापमान सोबत्यांहून चढले व दाबही त्याच प्रमाणात चढला, तर हवा गेलेली नाही; अधिक भार, चिकटून राहिलेला ब्रेक किंवा बिघडलेले बेअरिंग यांपैकी कशाने तरी उष्णता वाढत आहे, आणि थांबून चाकाचा मध्यभाग तपासला पाहिजे. दूरून तापमान मोजणारा अवरक्त तापमापक या कामी फार उपयोगी पडतो. एका टायरचे तापमान चढले व दाब मात्र घटला, तर ती गळती होय, आणि तेव्हा वाहन सुरक्षित जागी तत्काळ उभे केले पाहिजे.

सर्वांत फसवी खूण अजून सांगावयाची आहे. तीन टायर ५६ दाखवीत आहेत आणि चौथा ५० वर स्थिर आहे. भिंतीवरील आकडा ५० असल्यामुळे चौथाच तेवढा ‘बरोबर’ आहे असे वाटेल. वस्तुतः तापलेल्या स्थितीत ५० दाखविणारा हा टायर हवा गमावीत आहे. सकाळचे ५० आणि दुपारचे ५० यांची अक्षरे एक, अर्थ भिन्न. असा टायर कोणतीही घंटा वाजविणार नाही, कारण खालची मर्यादा त्याने ओलांडलेली नसते. तो ओळखावयाचा तो केवळ सोबत्यांपासून असलेल्या भेदाने.

मर्यादा ठरवितानाही हाच विवेक हवा. निवलेल्या दाबाहून १० ते १५ टक्के खाली गेल्यास इशारा मिळावा अशी खालची मर्यादा ठेवणे श्रेयस्कर. २५ टक्क्यांची वाट पाहिल्यास ५० चे साडेसदतीस होईपर्यंत उपकरण मुकाट राहील. वरची मर्यादा २० टक्क्यांवर, म्हणजे ६० पौंडांवर ठेवली तर २० अंशांस भरलेल्या टायरची आतील हवा ६५ अंशांवर गेली असता इशारा मिळेल. २५ टक्क्यांवर ठेवली तर सुमारे ७६ अंशांवर. अर्थात दाबाची वरची मर्यादा ही खरे पाहता तापमानाचीच मर्यादा आहे. ती ओलांडली गेल्यास हवा न काढता वेग कमी करावा, थांबावे व कारण शोधावे.

उपकरणाच्या मौनाचाही अर्थ लावावा लागतो. मीमांसकांपैकी भाट्ट मताने अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हेही एक प्रमाण मानले आहे. परंतु वस्तू असती तर ती आढळलीच असती, अशी योग्यता तेथे असावी लागते. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असे ठरत नाही. संवेदकाची बॅटरी संपली असेल वा लहरी पोहोचत नसतील, तर घंटा न वाजणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. निघण्यापूर्वी चारही संवेदकांचे आकडे ताजे येत आहेत की जुनेच पडद्यावर गोठून राहिले आहेत, हे पाहिल्यावाचून त्या मौनाला अर्थ प्राप्त होत नाही.

शब्द आणि सुरक्षितता

वरील उदाहरणे अमेरिकेतील ट्रेलरची असली तरी त्यांतील चूक मराठी मुलखास परकी नाही. ‘उन्हाळ्यात हवा दोन-चार पौंड कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही’ हा सल्ला येथे सर्रास ऐकू येतो. त्याच्या बुडाशी वर सांगितलेली फुग्याची प्रतिमा व ‘हवा वाढते’ हा शब्दप्रयोगच आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला होऊन जून २०२५ मध्ये पूर्णतः खुला झाला. अशा रस्त्यावर अखंड वेगाने तासन्‌तास धावता येते, म्हणजेच टायरला निवण्यास उसंत मिळत नाही. तेथे विदर्भाच्या उन्हात मुद्दाम कमी दाबाने निघणारा चालक जो धोका टाळू पाहतो तोच ओढवून घेतो. भर उन्हाळ्यातही सकाळी, टायर निवलेले असता, निर्मात्याने भारानुसार सांगितलेला दाब पुरता भरावा आणि दुपारी आकडा वाढला तर त्यास हात लावू नये, हाच नियम आहे.

बोलीतील ‘हवा’ हा शब्द कोणी हद्दपार करू शकणार नाही, व त्याची आवश्यकताही नाही. पंक्चरच्या दुकानात ‘हवा मारणे’ चालूच राहील, कारण तेथे जे केले जाते ते खरोखरच हवा भरणे होय. परंतु वाहनांच्या मराठी माहितीपुस्तिका, चालकांच्या प्रशिक्षणाचे पाठ व उपकरणांवरील सूचना लिहिताना दोन भेद कटाक्षाने पाळता येतील. जी भरली अथवा काढली जाते ती ‘हवा’, आणि जो मोजला जातो तो ‘दाब’, हा पहिला भेद. ‘निवलेला दाब’ आणि ‘धावता दाब’ हा दुसरा. हे शब्द नवे घडवावे लागत नाहीत. ते भाषेत आहेत, केवळ योग्य जागी ठेवावयाचे आहेत. ‘दाब वाढला आहे, हवा तेवढीच आहे’ हे वाक्य ज्या चालकाला सहज उच्चारता येईल, त्याचा हात तापल्या टायरच्या व्हॉल्व्हकडे जाणार नाही.